यातली तुमची कुठली?

आमच्या स्वयंपाकघरात, फ्रीजच्या शेजारच्या भिंतीवर एक कॅलेंडर आहे. त्याचं वर्ष संपून कितीतरी वर्षं झाली, तरी ते मी टाकलेलं नाही आणि त्याचं जुलैचं पानही उलटलेलं नाही. नवरा म्हणतो, "आपल्याकडे बारा महिने जुलै. बाहेर बर्फ पडो नाहीतर काही होवो." म्हणू दे. येणारे-जाणारे मात्र त्या पानापाशी थबकतातच. चहा होईपर्यंत बघत उभे राहतात आणि बहुतेक सगळे एकच वाक्य बोलतात, "किती प्रसन्न चित्र आहे गं!"

आहेच प्रसन्न. त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या चित्रामागचं जे मला फार उशिरा कळलं, आणि त्यामुळे माझ्याच घरातलं जे आठवलं, ते आज लिहून टाकणार आहे. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. घरचेही हे वाचतात, त्यामुळे हात अडत होता. पण ज्याची परवानगी घ्यायला हवी होती त्याची घेतली आहे. तो म्हणाला, "लिही की. फक्त माझं नाव घालू नकोस." म्हणून आमच्याकडच्या कुणाचंच नाव यात नाही. चित्रकाराचं आणि त्याच्या माणसांचं तेवढं आहे.

चित्रकार म्हणजे क्लोद मोने. (हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपले गिरगावातले मोनेच आठवले होते. ते हे नव्हेत. हे पॅरिसचे.) आम्ही व्हर्जिनियात राहतो, वॉशिंग्टन तसं जवळच. तिथल्या नॅशनल गॅलरीला तिकीट नाही, ही गोष्ट आम्हा देशी मंडळींच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. भारतातून पाहुणे आले की व्हाइट हाऊस बाहेरून, लिंकनसाहेब आतून आणि मग पाय दुखायला लागले की नॅशनल गॅलरी, असा आमचा ठरलेला कार्यक्रम. आत गारवा असतो, बसायला बाकं असतात आणि कुणी उठवत नाही. माझा चित्रकलेशी संबंध आला तो हा असा.

अशाच एका फेरीत लेक माझ्याबरोबर होती. सहा वर्षांची असेल. ती एका चित्रापुढे उभी राहिली ती हलेचना. चित्र चांगलं मोठं, साधारण पाच फूट उंच आणि चार फूट रुंद. मधून एक वाट वर चढत गेलेली. वाटेच्या दोन्ही बाजूंना सूर्यफुलंच सूर्यफुलं, माणसाच्या डोक्याच्याही वर गेलेली. कडेला निळ्या-पांढऱ्या नक्षीच्या कुंड्या. वर पायऱ्या, पायऱ्यांच्या वर घर, घरावर निळं आकाश आणि पांढरे ढग. आणि वाटेवर एक लहानगा मुलगा, जवळ त्याची खेळण्यातली गाडी. त्याच्या मागे पायऱ्यांवर आणखी एक मूल आणि एक बाई.

लेकीने विचारलं, "आई, ती मागची बाई त्याची आई आहे का?"

मी म्हटलं, "हो गं, असणारच." आणि तिला ओढत पुढे नेलं, कारण पाहुण्यांना डायनोसॉरही बघायचे होते. जाताना दुकानातून कॅलेंडर घेतलं. त्यात हेच चित्र जुलैला होतं.

मी दिलेलं ते उत्तर बेधडक होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आधी चित्राविषयी थोडं. चित्राचं नाव 'वेतॉय इथली चित्रकाराची बाग', साल १८८१. मोने आणि त्याच्या मित्रमंडळींच्या ह्या पद्धतीला इंग्रजीत इम्प्रेशनिझम म्हणतात. मराठीत दृक्प्रत्ययवाद. हा शब्द विश्वकोशातला, आणि विश्वकोश आमच्या वाईत तयार झालेला, त्यामुळे तो वापरताना उगाचच माहेरचा अभिमान वाटतो. १८७४ साली ह्या लोकांनी पॅरिसमध्ये स्वतःचं वेगळं प्रदर्शन भरवलं. त्यात मोनेचं बंदरावरच्या सूर्योदयाचं एक चित्र होतं, नाव होतं 'इम्प्रेशन, सनराइज'. एका टीकाकाराने त्याच नावावरून ह्या सगळ्यांची टर उडवली, आणि टर उडवताना दिलेलं नाव त्यांना कायमचं चिकटलं. आपल्याकडे नाही का, शाळेत चिडवायला ठेवलेलं नाव पुढे साठीपर्यंत टिकतं!

त्यांचं म्हणणं सोपं होतं. डोळ्यांना ह्या घटकेला, ह्या उजेडात जे दिसतं ते रंगवायचं. मनात ठाऊक असलेलं रंगवायचं नाही. सावली काळी असते हे आपल्याला ठाऊक असतं, पण उन्हाळ्यातल्या दुपारी नीट बघितलं तर ती निळसर, जांभळट दिसते. मग ती तशीच रंगवायची. त्या चित्राच्या अगदी जवळ गेलं की सगळं विस्कटतं. सूर्यफूल राहत नाही, पिवळे-केशरी फटकारे राहतात. मुलगा राहत नाही, रंगाचे चार ठिपके राहतात. चार पावलं मागे आलं की पुन्हा ऊन पडतं. मुलाला नाक-डोळे असे रेखलेलेच नाहीत. लांबून ओळखीचा वाटावा इतपतच तो आहे.

हे नाक-डोळे नसणं महत्त्वाचं आहे. पुढे येईलच.

एकदा करोनाच्या दिवसांत घरात अडकून पडलो होतो, तेव्हा सहज म्हणून ह्या चित्राची माहिती वाचायला घेतली. वाचता वाचता भाजी करपली, इतकी त्यात गुंतले.

मोनेची बायको कामीय. तिला दोन मुलगे, ज्याँ आणि मिशेल. मिशेल १८७८ च्या मार्चमधला. ओशदे नावाचे एक श्रीमंत कापड-व्यापारी मोनेची चित्रं विकत घेत असत. १८७७ साली त्यांचं दिवाळं निघालं. दुसऱ्या वर्षी त्यांच्या संग्रहातली चित्रंही लिलावात गेली. मग १८७८ च्या उन्हाळ्याअखेरीस ही दोन्ही कुटुंबं मिळून सेन नदीकाठच्या वेतॉय ह्या लहानशा गावात एकत्र राहायला आली. एकाकडे चित्रं होती पण गिऱ्हाईक नव्हतं, आणि दुसऱ्याचं होतं नव्हतं ते गेलेलं. मोनेची दोन मुलं, ओशद्यांची सहा. एकूण आठ! ओशदे स्वतः बहुतेक काळ पॅरिसलाच असायचे. घरात राहिली त्यांची बायको आलिस आणि पोरं.

कामीय आजारीच होती. मिशेलच्या जन्मानंतर ती पुन्हा धड झालीच नाही. तिची शुश्रूषा आलिसनेच केली. ५ सप्टेंबर १८७९ ला कामीय गेली. बत्तीस वर्षांची होती. मिशेल दीड वर्षाचा. त्याच दिवशी मोनेने पॅरिसमधल्या एका डॉक्टर मित्राला पत्र लिहिलं, की अमुक एक पदक आम्ही गहाण टाकलंय, तेवढं सोडवून पाठव. तिने जपलेली ती एकच वस्तू उरली होती आणि ती तिच्या गळ्यात घालून तिला निरोप द्यायचा होता.

हे वाचलं आणि मी खुर्चीत बसले. फ्रान्स काय आणि सातारा जिल्हा काय, गहाण टाकलेलं सोडवण्याची वेळ कुठेही तशीच.

पुढचा हिवाळा भयंकर गेला. सेन गोठली. जानेवारीत बर्फ फुटून नदीतून त्याचे थरच्या थर वाहत गेले, तेही मोनेने रंगवले. आणि त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, १८८१ साली, हे सूर्यफुलांचं चित्र. चित्रातली मुलं मिशेल आणि आलिसचा धाकटा ज्याँ-पिएर आहेत असं सांगतात. दोघांच्या वयात सात महिन्यांचं अंतर. एक तीन वर्षांचा, एक चौथ्यात. एकाची आई गेलेली, दुसऱ्याचे वडील असून नसल्यासारखे. आणि नाक-डोळे नसल्यामुळे चित्र बघून सांगता येत नाही, कोण कुणाचा.

"ती मागची बाई त्याची आई आहे का?" ह्या प्रश्नाला खरं उत्तर असं, की बाळा, पुढे कोण उभा आहे त्यावर ते अवलंबून आहे.

आता वाई.

१९७८ साली, ऐन श्रावणात, माझी मावशी काविळीने गेली. तिचे दोन मुलगे. थोरला दहा वर्षांचा, त्याला मी दादा म्हणते. धाकटा तीन वर्षांचा. काका मुंबईला गिरणीत कामाला, राहायला लालबागला चाळीतली एक खोली, पाळ्या करायच्या. मुलं सांभाळणार कोण? मावशीला दवाखान्यात नेलं तेव्हाच मुलं आमच्याकडे आणून ठेवली होती. ती मग राहिलीच. मी सात वर्षांची होते, माझा भाऊ चार. म्हणजे माझा भाऊ आणि मावशीचा धाकटा अगदी त्या चित्रातल्या दोघांसारखे, जोडीचे.

आमचं घर म्हणजे मोठ्या वाड्यातल्या मागच्या दोन खोल्या आणि परस. परस मात्र ऐसपैस होतं, उतरत थेट नदीच्या अंगाला जाणारं. जास्वंद, गुलबक्षी, अबोली, धुण्याचा दगड आणि एक पेरूचं झाड. बाबा शाळेत मास्तर. दोघांच्या जागी चार मुलं झाली तेव्हा पगार काही दुप्पट झाला नाही.

त्या दिवाळीला आईने फराळ केला नाही. शेजारच्यांनी ताटं आणून दिली. पण मुलांना नवे कपडे हवेतच म्हणून बाबांनी एका ताग्यातलं स्वस्तातलं कापड आणलं आणि आईने मशीनवर चौघांचे कपडे शिवले. तीन सदरे आणि माझा फ्रॉक. सगळे एकाच कापडाचे! मला ते मुळीच आवडलं नव्हतं. मैत्रिणींचे फ्रॉक फ्रॉकसारखे दिसायचे, माझा दादाच्या शर्टासारखा दिसायचा. मी रुसून बसले होते, आणि आईने तिकडे साफ दुर्लक्ष केलं होतं.

बाबांच्या एका मित्राकडे अगफा क्लिक थ्री कॅमेरा होता. त्याने परसात, जास्वंदीपुढे आम्हा चौघांचा फोटो काढला. कृष्णधवल, कडेला पांढरी पट्टी असलेला. चौघंही हसतोय. मी धरून. रुसवा कुठे गेला कोण जाणे. मावशीला जाऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

याच सुमाराला वाड्यात नव्याने राहायला आलेल्या एका काकूंनी आईला विचारलेलं मला आठवतं, "यातली तुमची कुठली हो?" आई धुणं पिळत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "कापड बघा ना."

मी ते ऐकलं होतं. काकू हसल्या. मला हसू आलं नाही. मला वाटलं, माझी म्हणून वेगळी सांगायला काय झालं होतं हिला?

आणि मग तो पेरू.

आमच्याकडे पेरू धरला की पोपट टोचू नयेत म्हणून त्याला चिंधी बांधून ठेवायची पद्धत होती. त्या थंडीत मी एक पेरू हेरला होता आणि त्याला माझ्याच फ्रॉकच्या उरलेल्या कापडाची चिंधी बांधली होती. रोज शाळेतून आले की जाऊन दाबून बघायचे. एक दिवस आले तर दादा झाडावर, आणि माझा पेरू त्याच्या हातात. अर्धा खाल्लेला. चिंधी खाली पडलेली.

मी ओरडले, "हे आमचं झाड आहे! तू तुझ्या घरी जा!"

दादा काही बोलला नाही. खाली उतरला. उरलेला पेरू माझ्यापुढे धरला. मी तो फेकून दिला. परसदारी आई उभी होती. तिने ऐकलं होतं का, ते मला आजही माहीत नाही. ती रागावली नाही, मारलं नाही. नुसतं "हातपाय धुवा" म्हणाली.

एवढंच. सात वर्षांच्या मुलीचं भांडण. भावंडांत याहून वाईट शब्द रोज बोलले जातात. पण त्यानंतर माझ्या लक्षात आलं, की दादा विचारतो. लाडू घेताना, "घेऊ का?" बाबांचं वर्तमानपत्र उचलताना, "घेऊ का?" माठातलं पाणी पितानासुद्धा. धाकटा नाही असं विचारायचा, तो सरळ डब्यात हात घालायचा. पण दादा कॉलेजात गेला, नोकरीला लागला, त्याच्या पगारावर घरातलं सामान यायला लागलं, तरी फडताळ उघडण्याआधी एकदा वळून, "मावशी, घेऊ का?" आईला त्याची सवय झाली होती. मला कधीच झाली नाही. दर वेळी माझ्या डोळ्यांपुढे ती चिंधी यायची.

१९८२ च्या गिरणी संपात काकांची नोकरी गेली ती गेलीच. अधूनमधून येणारी मनिऑर्डरही बंद झाली. त्या वर्षांत आई रात्री उशिरापर्यंत लोकांचे ब्लाउज शिवायची. मी शिकले, लग्न झालं, अमेरिकेत आले. माझा भाऊ बंगळूरला. धाकटा पुण्याला. वाई-सातारा सोडून गेला नाही तो एकटा दादा. बाबांचं आजारपण त्याने काढलं, आईचं मोतीबिंदू, आईचा मोडलेला खुबा, सगळं त्याने आणि वहिनीने. मी डॉलर पाठवत होते आणि रविवारी फोन करत होते.

आई गेली तेव्हा मी तिथे होते, हे माझं नशीब. निघायची वेळ झाली. गुरुजींनी विचारलं, "थोरला कोण?" माझ्या भावाने क्षणाचाही विचार न करता दादाकडे बोट दाखवलं. दादाने मडकं धरायला हात पुढे केले, आणि थांबला. आमच्या दोघांकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "घेऊ का?"

पन्नाशी ओलांडलेला माणूस. केस पिकलेले. त्या क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊ म्हणाला, "दादा, काय विचारतोस!" मी काही बोलू शकले नाही.

हे सगळं त्या करपलेल्या भाजीच्या दिवशी पुन्हा वर आलं. कॅलेंडरपुढे उभी राहिले. आत्तापर्यंत कितीदा पाहिलं होतं ते चित्र! पहिल्यांदा मनात आलं, की हा माणूस खोटं बोलतोय. घरात एवढं घडून गेलंय, देणेकरी दारात येतायत, आणि हा खुशाल सूर्यफुलं रंगवतोय! बाग आणि घर ह्यांच्यामधून खरं तर गावचा रस्ता जायचा. चित्रात तो दिसतच नाही. वाटतं, बाग थेट घरालाच लागून आहे. मोनेला नको ते गाळता येत होतं म्हणायचं.

पण मग दुसरी गोष्ट आठवली. कामीयचा मृत्यूही त्याने रंगवला होता. मृत्युशय्येवरची ती, निळ्या-करड्या फटकाऱ्यांत बुडत चाललेली. ते चित्र पॅरिसला ओर्से संग्रहालयात आहे. पुढे म्हातारपणी त्याने क्लेमांसो ह्या आपल्या मित्राला सांगितलं होतं, की मी तिच्या उशाशी बसलो होतो आणि माझ्याही नकळत तिच्या चेहऱ्यावरचे बदलत चाललेले रंग टिपत होतो. त्याचं त्यालाच भय वाटलं होतं. असा माणूस लपवाछपवी करणारा नव्हे. जे समोर दिसलं ते त्याने रंगवलं. १८७९ साली ते दिसलं, १८८१ साली हे. सूर्यफुलं होती, ऊन होतं, मूल गाडी घेऊन उभं होतं. ते खोटं कसं?

आमच्या फोटोतलं हसूही खोटं नव्हतं. कॅमेरावाल्या काकांनी काहीतरी विनोद केला आणि चौघं हसलो. दादाही. आई गेलेला मुलगाही हसतो, आणि हसला म्हणून त्याचं दुःख कमी होत नाही. हे मला सातव्या वर्षी कळण्यासारखं नव्हतं. पण चाळिसाव्या वर्षी तरी कळायला हरकत नव्हती. चाळीस वर्षं मी "घेऊ का" ऐकत होते आणि त्यावर एकदाही काही बोलले नव्हते.

मग एका शनिवारी सकाळी, म्हणजे तिकडच्या संध्याकाळी, दादाला फोन लावला. हवापाणी झालं, गुडघे झाले, वहिनीची साखर झाली. मग म्हटलं, "दादा, तुला पेरूचं आठवतं का रे?"

"कुठलं पेरूचं?"

"मी तुला म्हटलं होतं. आमचं झाड म्हणून. तुझ्या घरी जा म्हणून."

पलीकडे शांत. मला वाटलं फोन कट झाला.

"आठवतं," तो म्हणाला. "झाडावर होतो मी."

मी रडायला लागले. पन्नाशीच्या बाईने रडावं तसं, म्हणजे आवाज न करता आणि नाक पुसत. म्हटलं, तेव्हापासून तू प्रत्येक गोष्ट विचारून घेतोस. माझ्यामुळे. आईच्या वेळीसुद्धा विचारलंस.

"अगं वेडे," तो म्हणाला, "ते त्याच्यामुळे नव्हतं. आई दवाखान्यात निघाली ना, तेव्हा टांग्यात बसताना मला म्हणाली, मावशीकडे राहशील तेव्हा विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. तेवढंच बोलली. मग परत आलीच नाही. शेवटचं सांगणं म्हणून लक्षात राहिलंय. बाकी काही नाही."

मग जरा थांबून म्हणाला, "पेरू घेताना विचारलं नव्हतं, ती चूक माझीच होती."

हे खरं, की माझं समाधान व्हावं म्हणून सांगितलेलं? मी त्या दिवसापासून विचार करतेय. बहुधा दोन्ही असेल. मावशी तसं बोलली असणार, आणि माझं वाक्यही लागलं असणार. आठवतं म्हणाला, लगेच म्हणाला, आणि कुठे बसला होता तेही सांगितलं. विसरलेला माणूस असं बोलत नाही. मला माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि मीही तसं विचारलं नाही. ह्यापलीकडे मी ते जाऊ दिलं.

फोन ठेवायच्या आधी मी त्याला त्या दिवाळीच्या फोटोविषयी विचारलं. तो त्याच्याकडेच आहे. त्याने लगेच व्हॉट्सअॅपवर पाठवला. मी म्हटलं, "काय तो पिवळा फ्रॉक, किती राग यायचा मला त्याचा!"

"पिवळा कुठला? निळं होतं कापड."

"पिवळंच! मी त्याची चिंधी बांधली होती ना पेरूला."

"निळी होती चिंधी. मीच सोडली होती."

फोटो कृष्णधवल. आता सांगणार कोण? आई असती तर तिने सांगितलं असतं.

राहता राहिलं, त्या चित्रातल्या पोरांचं पुढे काय झालं. चित्र झालं त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या सगळ्यांनी वेतॉय सोडलं. बाग भाड्याची, ती तिथेच राहिली. १८८३ मध्ये ती सगळी झिवेर्नीला आली, आणि तिथली मोनेची बाग तर जगप्रसिद्ध आहे. ओशदे १८९१ मध्ये वारले आणि १८९२ मध्ये मोने आणि आलिसचं लग्न झालं. पुढे आलिसच्या ब्लांशचं लग्न मोनेच्या थोरल्या ज्याँशी झालं. आलिस गेली, ज्याँही गेला, आणि १९२६ साली मोने गेला तोवर त्याला सांभाळलं ते ह्या ब्लांशने. ती स्वतःही चांगली चित्रकार होती. ज्याँ-पिएरने म्हातारपणी मोनेविषयी पुस्तक लिहिलं. मिशेल १९६६ पर्यंत जगला आणि वडिलांची चित्रं आणि झिवेर्नीचं घर फ्रान्सच्या कला अकादमीला देऊन गेला. चित्रातल्या दोन ठिपक्यांची ही एवढी मोठी आयुष्यं.

ब्लांशचं वाचलं तेव्हा मला आमचा दादा आठवला, हे वेगळं सांगायला नको.

मागच्या महिन्यात लेक घरी आली होती. आता तीही मोठी झाली, नोकरी करते. कॅलेंडरपुढे उभी राहून कॉफी पीत होती. तिला तिचा जुना प्रश्न सांगितला आणि मग ही सगळी हकिगत. तिने चित्राशेजारी मी चिकटवलेला आमचा फोटो बघितला. बराच वेळ बघितला. मग विचारलं, "आई, यात मामा कुठला आणि मावसमामा कुठला?"

मी म्हटलं, "कापड बघ ना."